हालचालीचा कारागीर : फिल टिपेट

सिनेमाच्या पडद्यावर एखादा महाकाय प्राणी चालत येतो आणि दोन पावलांतच आपल्याला कळून चुकते की हा खोटा. कातडी छान रंगवलेली असते, दात अणकुचीदार असतात, डोळेही लकाकत असतात. तरी काहीतरी बिनसलेले असते. आठवी-नववीतल्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक जण सांगतील, "तो हलका वाटतो." उत्तर अचूक आहे. पण वजन ही काही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नव्हे. मग मुलांनी पाहिले तरी काय?

त्यांनी पाहिला तो वेळ. उचललेले पाऊल खाली यायला किती वेळ लागला, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जाईपर्यंत प्राणी किती रेंगाळला, थांबताना मान किती पुढे गेली, या सगळ्याचा हिशेब आपला मेंदू नकळत मांडतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. हाच हिशेब उलट्या बाजूने मांडून, हातभर उंचीच्या रबरी बाहुलीला कित्येक टनांचे वजन बहाल करण्यात ज्यांची हयात गेली, अशा मोजक्या कलावंतांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील फिल टिपेट. 'जुरासिक पार्क'मधील डायनोसॉरच्या हालचालींमागे त्यांचा हात होता. पण केवळ तेवढ्यासाठी त्यांची ओळख आम्ही येथे करून देत नाही. कारकिर्दीच्या ऐन मध्यावर त्यांचे हत्यारच कालबाह्य झाले, आणि त्यानंतर जे घडले ते विज्ञान शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी विचार करावा असे आहे.

टिपेट यांचा जन्म १९५१ सालचा, कॅलिफोर्नियातला. सात वर्षांचे असताना त्यांनी 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' (१९५८) हा चित्रपट पाहिला. त्यातील एका डोळ्याचा राक्षस आणि तलवार चालवणारा हाडांचा सापळा रे हॅरीहाउसन यांनी हलवले होते. या हॅरीहाउसन यांची कथाही अशीच आहे. १९३३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांनी 'किंग काँग' पाहिला आणि त्या अवाढव्य वानराने त्यांना जन्मभरासाठी झपाटले. काँगचे कर्ते विलिस ओब्रायन. त्यांनी १९२५ साली 'द लॉस्ट वर्ल्ड' या मूकपटात डायनोसॉर चालवून दाखवले होते. १९४९ च्या 'मायटी जो यंग' या चित्रपटात हॅरीहाउसन यांनी ओब्रायन यांच्याच हाताखाली काम केले. या विद्येचे कॉलेज नव्हते, पाठ्यपुस्तक नव्हते. कोणीतरी पडद्यावर पाहायचे, घरी येऊन माती आणि तारेने खटाटोप करायचा आणि जमल्यास गुरूचे दार ठोठवायचे, असाच तिचा प्रसार झाला. आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार.

दोन चौकटींमधला अंधार

पद्धत सांगायला सोपी आहे. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. आत धातूचा सांगाडा आणि वर रबराची कातडी असलेली बाहुली टेबलावर उभी करायची, एक चौकट टिपायची, बाहुलीचा पाय किंचित पुढे सरकवायचा, पुन्हा एक चौकट टिपायची. सांगाड्याचे सांधे आपल्या खांद्यासारखे उखळीचे किंवा कोपरासारखे बिजागरीचे असतात. ठेवले त्या कोनात टिकतील इतके ते घट्ट हवेत आणि बोटाने हलतील इतके सैलही हवेत. या पद्धतीला 'स्टॉप मोशन' असे नाव आहे. कळसूत्री बाहुलीहून ती वेगळी. कळसूत्री बाहुली सूत्रधाराच्या बोटांबरोबर त्याच क्षणी, प्रेक्षकांसमक्ष हलते. ही बाहुली कॅमेऱ्याची झडप उघडी असताना कधीच हलत नाही. ती हलते दोन चौकटींमधल्या अंधारात.

काँगच्या बाहुलीवर सशाचे कातडे होते. ओब्रायन यांची बोटे प्रत्येक वेळी त्या केसांना लागत, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सतत वाऱ्याने हलल्यासारखे थरथरतात. खरे तर हा दोष. पण आम्हाला तो कारागिराच्या अंगठ्याच्या ठशासारखा वाटतो. कामाचा वेग किती, तर 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' (१९६३) मधील सात सापळ्यांच्या लढाईच्या वेळी हॅरीहाउसन यांच्या दिवसाला सरासरी १३ चौकटी होत. म्हणजे दिवसभर राबून पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद. त्या काही मिनिटांच्या लढाईला साडेचार महिने लागले.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे असेच थांबत थांबत चित्रण केले होते, आणि ते दाखवून भांडवल पुरवणाऱ्यांची खात्री पटवली होती. फरक एवढाच की तेथे हलण्याचे काम रोप स्वतःच करीत होते. पुढे 'आगकाड्यांची मौज' या छोट्या चित्रपटात फाळके यांनी निर्जीव आगकाड्याही हलवून दाखवल्या.

सुट्या चौकटींतून अखंड हालचाल का दिसते, याचे कारण आपण शाळेत 'दृष्टिसातत्य' असे शिकवतो. ते उत्तर अर्धेच आहे. प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून पडदा लुकलुकत नाही, हे खरे. पण दोन स्थिर चित्रांमधून हालचाल घडवतो तो मेंदू. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञांनी १९१२ साली हे दाखवून दिले. वेगवेगळ्या जागी असलेल्या दोन रेघा योग्य अंतराने आळीपाळीने दाखवल्या तर पाहणाऱ्याला एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. मधली जागा मेंदू भरून काढतो. बाहुलीवाल्याचा सारा धंदा या भरून काढण्यावर चालतो.

आता वजनाकडे वळू. समजा, ४.९ मीटर उंचीवरून एक धोंडा पडला. जमिनीवर यायला त्याला एक सेकंद लागतो. हेच दृश्य १/१६ मापाच्या प्रतिकृतीत घेतले तर उंची ३०.६ सेंटिमीटर होईल आणि धोंडा पाव सेकंदातच खाली येईल. उंची सोळापटीने घटली, पण वेळ चौपटीनेच घटला. कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पडद्यावर हा धोंडा धोंडा वाटणार नाही, खडा वाटेल.

यावर उपाय दोन. कॅमेरा चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला ९६ चौकटी या वेगाने चालवायचा आणि चित्रपट नेहमीच्या वेगाने दाखवायचा, हा एक. दुसरा उपाय एकेक चौकट हाताने टिपण्याचा. त्यात मात्र गुरुत्वाकर्षण कलावंतालाच घालावे लागते. २४ चौकटींत ३०.६ सेंटिमीटर उतरायचे असेल तर सहाव्या चौकटीपर्यंत १.९ सेंटिमीटर, बाराव्या चौकटीपर्यंत ७.७, अठराव्या चौकटीपर्यंत १७.२ आणि उरलेले सगळे शेवटच्या सहा चौकटींत. चार टप्प्यांतील अंतरांचे गुणोत्तर १ : ३ : ५ : ७ असे येते. गॅलिलिओची ही विषम संख्यांची मालिका आपल्या ओळखीची आहे. उभ्या फळीला शाडूची गोळी चिकटवून आणि मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने एकेक चित्र घेऊन हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. एकदा गोळी समान अंतराने उतरवावी, एकदा या मालिकेप्रमाणे. पहिल्या खेपेला ती दोऱ्याने सोडल्यासारखी दिसते, दुसऱ्या खेपेला पडते.

टिपेट किंवा हॅरीहाउसन यांनी कागदावर वर्गमुळे काढली असतील असे नाही. त्यांच्या बोटांना ती येत होती. पण ती काही आपोआप आली नाहीत. त्यामागे निरीक्षण होते. एडवर्ड माय्ब्रिज यांनी १८७८ साली कॅलिफोर्नियात १२ कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि चारही खूर जमिनीवरून सुटतात तो क्षण पकडला. चित्रकार तोवर हा क्षण पाय पुढे-मागे ताणून काढीत. प्रत्यक्षात त्या वेळी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. माय्ब्रिज यांचा प्राण्यांच्या हालचालींचा ७८१ पटांचा संग्रह १८८७ साली प्रसिद्ध झाला. सजीवपटांच्या कलावंतांना आजही त्याचा आधार वाटतो.

हत्ती, ड्रॅगन आणि मोटर

टिपेट यांनी विद्यापीठात चित्रकला-शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि जाहिरातींसाठी बाहुल्या हलवण्याचे काम धरले. 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये एका बुद्धिबळासारख्या खेळाचे दृश्य आहे. त्यातील चिमुकले राक्षस टिपेट आणि जॉन बर्ग यांनी हलवले. दृश्य काही सेकंदांचे, पण त्यामुळे पुढच्या चित्रपटाचे मोठे काम त्यांच्याकडे आले.

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मध्ये बर्फाच्या मैदानावरून चार पायांची अजस्र युद्धयंत्रे चालत येतात. यंत्रच असल्याने ते कसेही चालले असते तरी कोणाची हरकत नव्हती. पण या मंडळींनी खऱ्या हत्तीला चालवून त्याचे चित्रण केले आणि ते बारकाईने अभ्यासले. हत्ती कितीही घाईत असला तरी चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सोडत नाही. प्रत्येक पाऊल टेकल्यावरच पुढचा भार सरकतो. ही चाल त्यांनी यंत्रांना दिली. बर्फ म्हणून खायच्या सोड्याची पूड वगैरे पसरली होती. तिच्यावर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून टेबलाला जागोजागी झाकणे ठेवली होती. त्यांतून कलावंत खालून वर डोके काढी, यंत्राचा पाय सरकवी आणि पुन्हा खाली दडे. कित्येक फूट उंचीवरून पाहिल्यासारखा भास देणारे ते दृश्य अशा लपंडावातून तयार झाले.

मात्र स्टॉप मोशनचा एक मूळचाच दोष होता. सिनेमाच्या कॅमेऱ्याची झडप साधारण १/४८ सेकंद उघडी राहते. खऱ्या प्राण्याचा पाय सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्या वेळात तो चार सेंटिमीटर सरकतो आणि चौकटीत त्याची कड धूसर उमटते. ही धूसरता म्हणजे गतीची माहितीच. बाहुली मात्र झडप उघडी असताना स्तब्ध असते, तिची प्रत्येक चौकट स्वच्छ. अशा चोवीस स्वच्छ चित्रांची मालिका डोळ्यांना खडखडीत, थरथरती वाटते. हॅरीहाउसन यांच्या सापळ्यांना ती शोभून दिसते, कारण हाडांचा सापळा थोडा खडखडलेला चालतो. जिवंत मांसाला ती शोभत नाही.

'ड्रॅगनस्लेयर' (१९८१) या चित्रपटातील ड्रॅगनसाठी यावर तोड काढण्यात आली. बाहुलीच्या धडाला आणि पायांना बारीक दांड्या जोडल्या आणि त्या दांड्या स्टेपर मोटरींना. अशी मोटर ठरावीक छोट्या कोनांनी, पायरी-पायरीने फिरते. कलावंताने आधी प्रत्येक अवयवाची चाल मोटरींकडून बसवून घ्यायची. संगणकाने ती लक्षात ठेवायची. मग प्रत्यक्ष चित्रणात झडप उघडी असतानाच मोटरींनी बाहुलीला किंचित हलवायचे, म्हणजे कड धूसर होते. बारीकसारीक हालचाली तेवढ्या हाताने. या पद्धतीला 'गो मोशन' म्हणू लागले. यंत्ररचनेबद्दल डेनिस म्युरेन आणि स्टुअर्ट झिफ यांना ऑस्कर संस्थेचा तंत्रविषयक पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटातील दृश्यचमत्कृतींसाठी टिपेट यांचे ऑस्करकरिता नामांकन झाले. संगणक या व्यवसायात शिरला तो असा, बाहुलीचा पाय धरायला मदतनीस म्हणून.

'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) च्या वेळी टिपेट यांच्याकडे प्राण्यांचा सारा कारखानाच होता. त्यात तळघरात कोंडलेला एक नरभक्षक राक्षस आहे. आधी माणसाला पोशाख चढवून तो दाखवायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग हातभर उंचीची बाहुली दांड्यांनी प्रत्यक्ष हलवायची आणि कॅमेरा नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने चालवायचा, असे ठरले. वर सांगितलेला पहिला उपाय तो हाच. राक्षसाची उंची बाहुलीच्या नऊपट मानली तर वर्गमुळाच्या नियमाने तिप्पट, म्हणजे सेकंदाला ७२ चौकटी लागतील. पण यातली अडचण पाहा. पडद्यावरचे तीन सेकंदांचे काम बाहुली हलवणाऱ्यांना एका सेकंदात उरकावे लागते. हात, मान, जबडा यांचे सूत्र वेगवेगळ्या माणसांकडे, आणि सगळ्यांना एका सेकंदात, एका जिवासारखे हलायचे. खेपांमागून खेपा वाया जातात. या चित्रपटातील कामाबद्दल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विशेष ऑस्कर मिळाले.

पुढच्या वर्षी त्यांनी बर्कली येथे आपल्या घराच्या गॅरेजमध्ये 'प्रीहिस्टॉरिक बीस्ट' हा दहा मिनिटांचा लघुपट केला आणि त्यातूनच टिपेट स्टुडिओ उभा राहिला. या लघुपटातला भाग वापरून अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर १९८५ साली 'डायनोसॉर!' हा माहितीपट दाखवला गेला. त्यातील चित्रणाला एमी पुरस्कार मिळाला.

डायनोसॉरविषयीच्या कल्पनाही त्या काळात पालटत होत्या. १९३३ च्या 'किंग काँग'मधील टायरॅनोसॉरस कांगारूसारखा उभा राहतो, शेपटी जमिनीवर टेकतो. तेव्हाच्या संग्रहालयांतील सांगाडे तसेच उभे केलेले असत. जॉन ऑस्ट्रम यांनी १९६९ साली डायनोनिकस या चपळ शिकारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून शेपटी जमिनीवरून उचलली गेली, पाठ आडवी झाली आणि डायनोसॉर सुस्त सरड्याऐवजी पक्ष्याच्या जवळचा प्राणी दिसू लागला. अशी कल्पना बदलली की बाहुलीच्या सांगाड्याचा तोल, सांधे, सगळेच नव्याने बसवावे लागते.

नामशेष होण्याची वेळ

'जुरासिक पार्क'ची मूळ योजना अशी होती : जवळच्या दृश्यांसाठी स्टॅन विन्स्टन यांनी पूर्ण आकाराचे यांत्रिक प्राणी करायचे, आणि सबंध प्राणी चालता-धावता दिसेल अशी दृश्ये टिपेट यांनी गो मोशनने करायची. विन्स्टन यांचा टी. रेक्स तेलाच्या दाबावर चालणारा, काही टनांचा होता. पावसातल्या दृश्यात त्याच्या फेसाळ रबराच्या कातडीने पाणी शोषले, वजन वाढले आणि कोरड्या वजनासाठी बेतलेली यंत्रणा थरथरू लागली. लोकांना तो मधूनमधून टॉवेलांनी टिपून कोरडा करावा लागे. वस्तुमान बदलले की दोलन बदलते, याचे इतके महागडे प्रात्यक्षिक क्वचितच कोणी केले असेल.

दरम्यान म्युरेन यांच्या गटातील संगणकावर काम करणाऱ्या तरुणांनी टी. रेक्सचा नुसता सांगाडा संगणकात चालवून दाखवला, आणि मग कातडीसह. ती चाल अखंड होती, कडा योग्य तेवढ्या धूसर होत्या. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी गो मोशन बाजूला ठेवायचे ठरवले. ते पाहून टिपेट यांनी आपणही आता नामशेष झालो, अशा अर्थाचे उद्गार काढले. स्पिलबर्ग यांना ते इतके आवडले की त्यांनी ते चित्रपटातील पात्रांच्या तोंडी घातले. प्रेक्षक त्या विनोदावर हसले. टिपेट यांना तेव्हा हसू येण्यासारखे काही नव्हते. या धक्क्याने आपण आजारी पडून अंथरूण धरले होते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. वय चाळिशीचे. हातात वीस वर्षांची विद्या, आणि तिचे माध्यमच गेलेले.

पण त्यांना घरी पाठवले गेले नाही. संगणकावर आकार उत्तम उभे करता येत होते. तो आकार मागे वळून पाहताना आधी डोळे वळवील की मान, शेपटी कोणत्या क्षणी तोल सावरील, हल्ला करण्यापूर्वी प्राणी किती वेळ नुसता थांबेल, हे सांगणारे माणूस संगणकात नव्हते. टिपेट यांनी टी. रेक्सचा रस्त्यावरचा हल्ला आणि स्वयंपाकघरातील रॅप्टर या दोन्ही प्रसंगांचे बाहुल्यांनी केलेले कच्चे चित्रण आधीच तयार ठेवले होते; अंतिम दृश्ये त्यावरूनच बेतली गेली. त्यांना 'डायनोसॉर पर्यवेक्षक' नेमण्यात आले. संगणकावर काम करणाऱ्यांना मूकाभिनयाचे धडे देण्यात आले, ते डायनोसॉरसारखे धावून दाखवू लागले. कच्च्या चित्रणात रॅप्टर सापासारखी दुभंगलेली जीभ लवलवत होते. सल्लागार पुराजीवशास्त्रज्ञ जॅक हॉर्नर यांनी हे सरड्या-सापांचे लक्षण आहे म्हणून हरकत घेतली. जीभ गेली आणि तिच्या जागी दाराच्या काचेवर उच्छ्वासाची वाफ धरते ते दृश्य आले. उष्ण रक्ताचा सगळा वाद त्या एका वाफेत आहे.

आणखी एक गोष्ट झाली, आणि आमच्या दृष्टीने ती सगळ्यांत महत्त्वाची. बाहुल्या हलवणाऱ्यांना संगणक येत नव्हता आणि तो शिकायला वेळ नव्हता. तेव्हा टिपेट यांचे सहकारी क्रेग हेज यांनी संगणककारांच्या मदतीने एक उपकरण केले. डायनोसॉरचा तोच धातूचा सांगाडा, तेच सांधे. पण प्रत्येक सांध्याशी कोन मोजणारा संवेदक बसवलेला. वर रबर नाही, समोर कॅमेरा नाही. कलावंताने नेहमीप्रमाणे पाय किंचित सरकवायचा. संवेदक सांध्यांचे कोन आकड्यांत संगणकाला कळवतात आणि पडद्यावरचा डायनोसॉर त्या कोनांत उभा राहतो. टी. रेक्सच्या आणि स्वयंपाकघराच्या प्रसंगांतील काही दृश्ये या मार्गाने झाली. दहा वर्षांपूर्वी संगणक मोटरींमार्फत बाहुलीला हलवीत होता. आता बाहुली संगणकाला हलवू लागली. आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर सांधा हे मापनयंत्र झाले, आणि बोटांत मुरलेली चाल पहिल्यांदाच आकड्यांच्या रूपात नोंदली गेली. या उपकरणाला ऑस्कर संस्थेचा तंत्रविषयक पुरस्कार पुढे मिळाला. 'जुरासिक पार्क'च्या दृश्यचमत्कृतींचे ऑस्कर म्युरेन, विन्स्टन, मायकेल लँटिएरी आणि टिपेट या चौघांना १९९४ साली मिळाले.

अशी तजवीज सगळ्याच विद्यांच्या वाट्याला येत नाही. संशोधन संस्थांमध्ये पूर्वी काचकाम करणारे कारागीर असत. हव्या त्या आकाराची नळी फुंकून देणारे, आणि तुमच्या आराखड्यात काच कुठे तडकेल हे आधीच सांगणारे. तयार उपकरणे मिळू लागल्यावर ते निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. त्यांच्या बोटांतले ज्ञान कोणत्याच संवेदकाने टिपले नाही. आम्हाला त्याची किंमत नव्या धर्तीचे उपकरण जुळवायची वेळ आली की कळते.

आता पुन्हा वजनाकडे. पायाची लांबी आणि चालीचा वेग यांचा संबंधही त्याच वर्गमुळाच्या नियमाने बांधलेला आहे, कारण चालताना पाय लंबकासारखा झुलतो. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ साली याच तत्त्वावर डायनोसॉरच्या पावलांच्या ठशांवरून त्यांचे वेग काढले. वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, ही संख्या ज्यांची सारखी ते प्राणी लहान असोत की मोठे, सारख्या ढंगाने चालतात. ही संख्या अर्ध्याच्या आसपास आली की प्राणी चालणे सोडून पळू लागतात. माणसाचा पाय ०.९ मीटर धरला तर हा वेग सेकंदाला २.१ मीटर येतो. मोठ्या टी. रेक्सचा पाय ३.६ मीटर, म्हणजे चौपट. वेग दुप्पट, सेकंदाला ४.२ मीटर, ताशी सुमारे १५ किलोमीटर. आणि एका पावलाला लागणारा वेळही आपल्या दुप्पट. चित्रपटात टी. रेक्स जेथे संथ पावले टाकीत येतो तेथे तो खरा वाटतो, त्याचे हे एक कारण.

जीपच्या मागे तो धावतो ते दृश्य मात्र वेगळे. जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी २००२ साली टी. रेक्सच्या पायांच्या स्नायूंचा हिशेब मांडला. स्नायूंचे बळ त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे म्हणजे लांबीच्या वर्गाने वाढते आणि वजन घनाने. त्यामुळे वेगाने धावायला लागणारे स्नायू पायांत मावलेच नसते. ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेग त्याला झेपला नसावा, असा निष्कर्ष निघाला. चित्रपटातले रॅप्टरही खऱ्या व्हेलोसिरॅप्टरपेक्षा पुष्कळ मोठे आहेत. खरा प्राणी टर्की कोंबड्याएवढा होता, आणि त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रुजण्याच्या खुणा २००७ साली सापडल्या. हा चित्रपट १९९४ साली हिंदीतून आपल्याकडे आला, त्या वेळी शाळेत असलेली कित्येक मुले आज शिक्षक आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोरचा डायनोसॉर अजून तोच असेल तर ही दुरुस्ती वर्गात जाण्यापूर्वी करून घ्यावी.

पुढे टिपेट यांच्या स्टुडिओने संगणकाची कास धरली. 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९९७) मधील किड्यांच्या झुंडी तेथेच झाल्या आणि टिपेट यांचे पुन्हा ऑस्करसाठी नामांकन झाले. झुंड हे बाहुल्यांना कधीच न झेपणारे काम. पण १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा एक बाहुलीपट सुरू केला होता, तो 'जुरासिक पार्क'नंतर डब्यांत बंद पडला होता. वीसेक वर्षांनी स्टुडिओतल्या तरुण सहकाऱ्यांनी ते चित्रण पाहिले आणि पुरे करायची गळ घातली. ही मुले संगणकावर शिकलेली. सांध्याचा घट्टपणा बोटाने कसा जोखायचा हे त्यांना ठाऊक नव्हते. सुटीच्या दिवशी येऊन ती टिपेट यांच्याकडून ते शिकली. 'मॅड गॉड' हा चित्रपट २०२१ साली स्वित्झर्लंडमधील लोकार्नो महोत्सवात दाखवला गेला. सुरुवात केल्यापासून त्याला तीस वर्षे लागली.

'मॅड गॉड' शाळेत दाखवण्याजोगा नाही, हे सांगून ठेवतो. त्यातली दृश्ये भीषण आहेत. वर्गासाठी आम्ही दोन तुकडे सुचवू. 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधली सापळ्यांची लढाई आणि 'जुरासिक पार्क'मधले स्वयंपाकघर. दोन्ही लागोपाठ दाखवावेत, मधेच थांबवून एकेक चौकट पुढे न्यावी, आणि हलत्या अवयवाची कड कोणत्या चित्रात स्वच्छ आहे व कोणत्या चित्रात धूसर, हे मुलांनाच शोधू द्यावे.